भोपळ्याला मार्क नकोत!

मराठी भाषेने भोपळ्यावर जेवढा अन्याय केला आहे, तेवढा दुसऱ्या कुठल्याही फळभाजीवर केलेला नाही. परीक्षेत काही आलं नाही की मिळाला भोपळा. फलंदाज दुसऱ्याच चेंडूवर तंबूत परतला की भोपळा. माणसाचा गैरसमज दूर झाला तरी फुटतो तो भ्रमाचा भोपळाच; भ्रमाचं कलिंगड फुटल्याचं निदान माझ्या तरी वाचनात नाही. मला स्वतःला आठवीत बीजगणितात एक सणसणीत भोपळा मिळाला होता. त्यातूनच पुढे मी कॉमर्सला गेलो, बी.कॉम. झालो, आणि गेली बावीस वर्षं बँकेच्या काउंटरमागे बसून लोकांच्या शून्यांचा हिशेब ठेवतो आहे. त्यामुळे शून्य म्हणजे काय हे मला चांगलं कळतं. आणि भोपळा म्हणजे शून्य नव्हे, हे मी आता शपथेवर सांगू शकतो. कारण 2025 साली मी भोपळ्यांची स्पर्धा भरवली होती.

'मी भरवली' हे म्हणणं तितकंसं खरं नाही. मी सुरू केली. भरवली ती आमच्या कॉलनीच्या मंडळाने, आणि भरवता भरवता तिचं जे भरीत केलं त्याबद्दल हा लेख आहे.

सुरुवात झाली बँकेतल्या डब्याच्या सुट्टीत. आमच्या कॅशियरने मोबाइलवर एक चित्र दाखवलं. क्रेनला लटकलेला, नारिंगी रंगाचा, एक बाजू बसलेला, गादीवर लोड सोडून बसलेल्या सावकारासारखा दिसणारा एक गोळा. तो भोपळा होता. कॅलिफोर्नियात हाफ मून बे नावाचं गाव आहे, तिथे 1974 पासून दर ऑक्टोबरात भोपळे वजनावर घालतात. 2023 साली मिनेसोटाच्या ट्रॅव्हिस गिंगर नावाच्या बागकामाच्या मास्तरांनी तिथे जो भोपळा नेला तो भरला 2,749 पौंड, म्हणजे साधारण 1,247 किलो. आमच्या शाखेत आम्ही नऊ जण. मी तिथल्या तिथे सगळ्यांच्या वजनाची बेरीज केली. कशीबशी निम्म्यापर्यंत पोहोचली, आणि तीही मॅनेजरसाहेबांमुळे.

त्या रात्री मला झोप लागली नाही. 'अहो, झोपा आता. शिल्लक जुळली नाही का आज?' सौ.ने विचारलं. 'भोपळा,' मी म्हणालो. 'म्हणजे काहीच शिल्लक नाही?' असं म्हणून ती घाबरून उठून बसली. पाहा, भाषेने केवढा घोटाळा करून ठेवला आहे!

आमची कॉलनी सांगलीच्या कडेला आहे. बेचाळीस घरं, आणि प्रत्येक घरामागे बारा बाय दहाचं परस. त्यात एक धुण्याचा दगड, एक तुळस, आणि न विकली गेलेली एक स्कूटर. दर वर्षी गणपतीत आमच्याकडे स्पर्धा होतात. रांगोळी, पाककला, पुष्परचना, आणि 'एक मिनिटात जास्तीत जास्त टिकल्या लावणे'. परीक्षक कोण, हे ठरल्यावर बक्षीस कोणाला, हे आम्ही घरी बसूनच सांगतो. सेक्रेटरीसाहेबांच्या मेव्हणीने रांगोळीत पाच वर्षांत चार बक्षिसं मिळवली. पाचव्या वर्षी ती बाळंतपणासाठी माहेरी गेली होती.

म्हणून मी भोपळा सुचवला. भोपळ्याला मेव्हणी नसते. तो काट्यावर ठेवायचा, आकडा वाचायचा आणि घरी जायचं. स्पर्धा फक्त नवशिक्यांसाठी, म्हणजे ज्याने आयुष्यात मनी प्लँटपलीकडे वेल लावलेला नाही त्याच्यासाठी. सगळ्यांना बी एकच, दिवस एकच, काटा एकच.

बैठकीत अर्थातच विरोध झाला. सेक्रेटरीसाहेब म्हणाले, 'लावायचेच तर अमेरिकेतले लावू. माझा भाचा बी पाठवील.' मी अभ्यास करून गेलो होतो. त्या अजस्र भोपळ्याची जात 'अटलांटिक जायंट'. कॅनडात नोव्हा स्कोशियामधल्या विंडसरच्या हॉवर्ड डिल नावाच्या शेतकऱ्याने वर्षानुवर्षं थोरल्यातला थोरला भोपळा निवडून त्याचं बी धरत ती तयार केली, आणि 1979 ते 1982 अशी लागोपाठ चार वर्षं जगज्जेतेपद स्वतःकडे ठेवलं. पण त्या एका वेलाला पाय पसरायला आमच्यातल्या सहा सभासदांचं परस एकत्र करावं लागेल, आणि आमच्याकडे दोन सभासदांची सामाईक भिंत एकत्र ठेवणं जमलेलं नाही. शिवाय परदेशातून बी मागवायचं तर 2003 सालच्या प्लांट क्वारंटाइनच्या आदेशाप्रमाणे परवाना हवा, रोगमुक्तीचा दाखला हवा. 'परवाना' शब्द ऐकताच सगळे स्वदेशी झाले. गावरान लाल भोपळ्याचं बी आणायचं ठरलं. रिटायर्ड हेडमास्तरांनी एवढ्यात तंबोऱ्याचा विषय काढला. आमच्या शेजारी मिरज, तेव्हा तो निघणारच. तंबोऱ्याचा भोपळा हा दुध्याच्या जातीचा, आपला हा नव्हे, हे त्यांनी पस्तीस मिनिटांत समजावून सांगितलं.

15 जून 2025 च्या रविवारी तेवीस घरांनी प्रत्येकी दोन बिया नेल्या. हेडमास्तरांनी त्यातली एक स्वतः लावली आणि दुसरी त्यांच्याकडे धुण्याभांड्याला येणाऱ्या मावशींना दिली. मावशी म्हणजे आमच्या वॉचमनच्या मंडळी. पाण्याच्या टाकीजवळच्या खोलीत राहतात. सेक्रेटरीसाहेबांनी हरकत घेतली, 'त्या सभासद नाहीत.' हेडमास्तर म्हणाले, 'बी सभासदाचं आहे.' घटनेत याला उत्तर नव्हतं.

पुढचे तीन महिने आमच्या कॉलनीच्या इतिहासात सोन्याच्या शाईने लिहावेत असे गेले. जे लोक एकमेकांशी फक्त पार्किंगवरून बोलत, ते कुंपणावरून 'तुमच्या वेलाला पानं किती?' असं विचारू लागले. तांबडे भुंगेरे आले, तेव्हा कोणी राख फुंकली, कोणी शिव्या दिल्या. मग फुलं आली. भराभरा आली आणि भराभरा गळून पडली, आणि कॉलनीत हाहाकार उडाला. वेल वांझ निघाला म्हणून दोघांनी तर तो उपटायलाही घेतला. वेलाला आधी येतात ती बहुतेक नर फुलं असतात. मादी फूल मागून येतं आणि त्याच्या बुडाशी सुपारीएवढा भोपळा आधीपासूनच तयार असतो. नराचा पराग त्याला लागला तर तो धरतो, नाही तर पिवळा पडून गळतो. हे हेडमास्तरांनी चौतीस वर्षं सातवीच्या वर्गाला शिकवलं होतं. पाहिलं मात्र पहिल्यांदाच. सकाळी साडेसहाला, फूल मिटायच्या आत, चष्मा सावरत, हातात नर फूल घेऊन ते मादी फुलासमोर उभे असत, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर मुलगी दाखवायच्या कार्यक्रमातला संकोच दिसे.

त्याहून अवघड गोष्ट पुढेच होती. एका वेलावर एकच भोपळा ठेवायचा, बाकीचे खुडायचे. म्हणजे सगळ्या पानांची कमाई एकाच खात्यात जमा होते. मी लोकांना ठेवी गोळा करायला शिकवतो, पण वेलावरचे तीन बाळभोपळे खुडताना माझा हात थरथरला. काही जणांनी खुडले नाहीत. 'दोन राहू देत, एक सोबतीला,' असं म्हणणाऱ्यांचे दोन्ही नारळाएवढे राहिले.

तेवीस घरं आणि मावशी मिळून चोवीस स्पर्धक. फळमाशी, भुरी, उपटाउपटी आणि एका सभासदाची म्हैस यांतून काट्यापर्यंत पोहोचले आठ. माझा आठांत नव्हता. बारा किलोंचा तरी असावा असा माझा भोपळा वजनाच्या चार दिवस आधी घुशीने पोखरला. भोक थेट आतल्या पोकळीपर्यंत गेलं होतं. तिकडच्या स्पर्धांत असा भोपळा बाद करतात, आणि तो नियम आपल्याकडेही मीच आग्रहाने घालून घेतला होता. खोटं कशाला बोलू, भोक खालच्या बाजूला करून भोपळा पेंढ्यावर ठेवून पाहिला. चांगला दिसत होता. सौ. दारात उभी होती. ती काही बोलली नाही, फक्त विळी घेऊन आली. त्या रात्री आम्ही घारगे खाल्ले. म्हणजे भोपळ्याच्या स्पर्धेत मला भोपळा मिळाला, आणि वाचकहो, मला काही झालं नाही. जेवण गेलं, झोप लागली, दुसऱ्या दिवशी शिल्लक जुळली. नवशिक्याला अपयश सोसत नाही असं जे म्हणतात, त्यांच्यासाठी हा पुरावा मी मुद्दाम नोंदवून ठेवतो.

वजनाचा दिवस 2 ऑक्टोबर, दसरा. त्या साली दसरा आणि गांधीजयंती एकाच दिवशी येऊन आम्हा बँकवाल्यांची एक हक्काची सुट्टी बुडाली होती, तेव्हा माझी मनःस्थिती तशीही बरी नव्हती. मी रद्दीवाल्याचा सरकारी शिक्क्याचा काटा मागून आणला होता. पाहतो तर मैदानात मांडव. मांडवात स्टेज. स्टेजवर प्रमुख पाहुणे, त्यांच्या शेजारी तीन परीक्षक, आणि परीक्षकांच्या हातात छापील तक्ते: वजन 40, रंग 20, आकार 20, सादरीकरण 20.

सादरीकरण! भोपळ्याचं सादरीकरण! मी सेक्रेटरीसाहेबांना बाजूला घेतलं. ते म्हणाले, 'अहो, नुसत्या वजनावर गेलं तर नवशिक्यांचा हिरमोड होतो. प्रत्येकाला कशात तरी मार्क मिळाले पाहिजेत. आणि पाहुणे आलेत, त्यांना काट्याकडे बघत बसवायचं का?'

एका भोपळ्याला फेटा बांधला होता. एकाला नथ. एकाला काजळ घालून शेजारी 'बेटी बचाओ'ची पाटी लावली होती. मावशींचा भोपळा सिमेंटच्या रिकाम्या पोत्यात होता. त्यांनी आणि वॉचमनने तो दोन बाजूंनी धरून आणला आणि काट्यावर ठेवला. सतरा किलो चारशे. क्षणभर सगळं मैदान गप्प झालं, आणि मग जी टाळी पडली ती कुणी सूत्रसंचालकाने मागून घेतलेली नव्हती. त्याच्या खालचा भोपळा अकरा किलोंचा होता.

पुढे चाळीस मिनिटं पाहुणे बोलले. मग निकाल. पहिलं बक्षीस फेटेवाल्या भोपळ्याला. वजन सव्वानऊ किलो, मार्क 79. मी तक्ता मागून घेतला. आकडे पाहिल्याशिवाय मला राहवत नाही. मावशींना वजनात चाळीसपैकी चाळीस. रंगात बारा, कारण जी बाजू पेंढ्यावर टेकली होती ती फिकट राहिली. आकारात नऊ, कारण त्याच बाजूने तो बसका. सादरीकरणात दोन. ते दोनही, परीक्षकांच्या म्हणण्याप्रमाणे, पोतं स्वच्छ होतं म्हणून. एकूण 63. बेरीज बरोबर होती. मावशींना उत्तेजनार्थ. एक स्टीलचा डबा.

आता माझं म्हणणं ऐका. माझं भांडण सौंदर्याशी नाही. तिकडेही देखण्या भोपळ्याला बक्षीस असतं, आणि गंमत म्हणजे अनेक ठिकाणी ते त्या हॉवर्ड डिलच्याच नावाने देतात. पण ते वेगळं देतात. काट्याच्या आकड्यात रंगाचे मार्क मिसळत नाहीत. 2025 च्या त्याच ऑक्टोबरात इंग्लंडमध्ये इयान आणि स्टुअर्ट पेटन या जुळ्या भावांचा भोपळा 1,278 किलोंच्या वर भरला आणि जागतिक विक्रम झाला. त्यांना कोणी विचारलं नाही की तो एका बाजूने बसका का. एवढा मोठा भोपळा बसकाच असतो. स्वतःचंच ओझं त्याला सोसत नाही. आकाराचे मार्क कापणं म्हणजे मोठा झाल्याबद्दल दंड करणं.

आणि नवशिक्यांचा हिरमोड? अहो, नवशिक्याला रंगातलं काय कळतं? त्याला एकच प्रश्न पडलेला असतो: 'मी लावलं, ते वाढलं का?' त्याचं उत्तर काटा देतो, आणि ते ऐकून तो पुढच्या वर्षी खत लवकर घालतो. परीक्षक देतात ते उत्तर ऐकून तो पुढच्या वर्षी फेटा आणतो. आमच्यासारख्या पांढरपेशा माणसाचं सगळं आयुष्य दुसऱ्याच्या मतावर चाललेलं असतं. शाळेत तोंडी परीक्षेचे मार्क, लग्नात मुलीच्या मामाचं मत, नोकरीत साहेबाचा गोपनीय अहवाल. बावीस वर्षांत माझ्याबद्दल साहेबांनी काय काय लिहिलं ते मला अजून नीट कळलेलं नाही. वर्षातून एक दिवस, एका वस्तूपुढे उभं राहावं, तिला आपलं आडनाव ठाऊक नसावं, आपण सभासद की टाकीजवळच्या खोलीतले हे ठाऊक नसावं, आणि तिने सरळ आकडा सांगावा, एवढंही सुख आम्ही माणसाला का देऊ नये? आणि तिथेही आम्ही स्टेज बांधतो! 'उत्तेजनार्थ' हा शब्द तर मला शब्दकोशातूनच काढून टाकावासा वाटतो. सतरा किलो चारशे ग्रॅमच्या माणसाला कसलं उत्तेजन देता? त्याने तुम्हाला द्यावं!

असो. खरी गोष्ट अजून सांगायची आहे. बक्षीस समारंभ आटोपला, खुर्च्या घड्या होऊ लागल्या, आणि मावशी स्टेजपाशी आल्या. हातात डबा. मला म्हणाल्या, 'दादा, ह्यो डबा ऱ्हाऊ दे. माझा भोपळा कुठाय?'

भोपळा नव्हता. सर्वांत मोठा म्हणून मंडळाने तो प्रमुख पाहुण्यांना भेट दिला होता. शाल, श्रीफळ आणि भोपळा. पाहुण्यांच्या गाडीच्या डिकीत बसून तो केव्हाच निघून गेला होता. गोष्टीतली म्हातारी भोपळ्यात बसून लेकीच्या घरून सुखरूप परतली होती. डिलच्या विंडसरमध्ये तर 1999 पासून अनेक वर्षं माणसं पोखरलेल्या भोपळ्यात बसून तळ्यात शर्यती खेळली. इथे भोपळाच पळवला होता, आणि म्हातारी मैदानात उभी.

'मावशी, दुसरा आणून देतो बाजारातून,' सेक्रेटरीसाहेब म्हणाले.

'खायाला न्हाई वो,' मावशी म्हणाल्या. 'बी धरायचं व्हतं.'

त्यांना कुणी हॉवर्ड डिल सांगितलेला नव्हता. अमेरिकेत जिंकलेल्या भोपळ्याच्या बियांचे लिलाव होतात, एकेका बीला शेकडो डॉलर मोजतात, हेही त्यांना माहीत नव्हतं. पण थोरल्यातल्या थोरल्याचं बी धरायचं, हे त्यांना ठाऊक होतं. आणि आम्ही बेचाळीस घरचे सुशिक्षित, ज्यात एक हेडमास्तर आणि एक बँकवाला, आम्ही त्यांचं मुद्दल व्याजासकट डिकीत घालून दिलं होतं.

दुसऱ्या दिवशी बँक सुटल्यावर मी पाहुण्यांच्या बंगल्यावर गेलो. साहेब नव्हते. स्वयंपाकीणबाई म्हणाल्या, भोपळा सकाळीच कापला, अर्धा शेजारी वाटला, भाजी झाली, थोडी हवी का? मी बियांचं विचारलं. त्यांनी बागेच्या कोपऱ्यातल्या खड्ड्याकडे बोट केलं. माळ्याने आधी संशयाने पाहिलं, मग काठी दिली. चहाचा चोथा, मटारची सालं, अंड्यांची टरफलं यांच्यातून, इस्त्रीच्या पँटचे पाय वर दुमडून, मी पाऊण तास बिया वेचल्या. नोटा मोजायची सवय असल्यामुळे ओल्या, बुळबुळीत बिया मोजणं जड गेलं नाही. सदतीस मिळाल्या. घरी आल्यावर सौ.ने मला आंघोळीशिवाय आत घेतलं नाही, पण बिया तिनेच धुतल्या, सावलीत वाळवल्या, राखेत घोळल्या.

आता 2026 च्या स्पर्धेची बैठक आहे. मंडळाच्या विषयपत्रिकेवर सादरीकरणाचे मार्क वीसवरून तीस करण्याचा ठराव आहे. माझा ठराव एका ओळीचा आहे: मार्क बंद, फक्त काटा, आणि ज्याचा भोपळा त्याच्या घरी. पाठिंबा सध्या दोघांचा आहे, मी आणि हेडमास्तर. रद्दीवाल्याचाही आहे, पण तो सभासद नाही.

दरम्यान सेक्रेटरीसाहेबांना बियांचा सुगावा लागला. विजेत्या भोपळ्याचं बी मंडळाची मालमत्ता आहे, ते मंडळाकडे जमा करावं, असं पत्र त्यांनी मला दिलं आहे. ('विजेत्या' हा शब्द त्या पत्रात आहे. पत्र मी जपून ठेवलं आहे.) बिया आमच्या कपाटात एका जाड पाकिटात आहेत. वर मी लिहिलं आहे: गावरान लाल भोपळा, नग 37, आणि ठेवीदार म्हणून मावशींचं पूर्ण नाव. मी सेक्रेटरीसाहेबांना लेखी कळवलं, की ठेव दुसऱ्याच्या नावावर करायची तर ठेवीदाराची सही लागते. मावशींची सही मी पाहिली आहे. ठसठशीत, वळणदार मराठी सही आहे. ती करायला त्या सध्या तयार नाहीत.